वाट पाहणाऱ्याची घटका

भाविक सज्जनहो, साठ घटकांचा अहोरात्र आणि चोवीस मिनिटांची घटका, हे आम्ही पाठशाळेत घोकले. झाले, होत आहे, होईल असे जे आपण बोलतो, त्या व्यवहाराचे कारण काळ, असे न्यायशास्त्र सांगते. मग ज्या मुक्या जिवाला हे बोलताच येत नाही, त्या कुत्र्याला काळ कसा कळत असेल?

हा प्रश्न आम्हाला दारातल्या मोत्याने घातला. अहमदपूरच्या घरी आमची गृहलक्ष्मी दिवेलागणीला त्याला चतकोर भाकरी घालीत असे. गेल्या कार्तिकात ती निवर्तली. मोत्या अजून त्याच वेळेला उंबऱ्याशी येऊन बसतो. आम्ही भाकरी घालतो. तो खातो, अन् पुन्हा आत बघतो.

जाणते सांगतात की, उन्हाचे कलणे, पोटातली भूक आणि शरीरातला दिवसरात्रीचा क्रम यांवरून कुत्र्याला वेळ कळते. धनी बाहेर गेला की घरातला त्याचा वास विरत जातो. तो किती विरला यावरून धन्याची यायची वेळ कुत्रा ओळखत असावा, असाही काहींचा तर्क आहे. स्वीडनमध्ये 12 कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. धनी अर्ध्या तासाने परतला त्यापेक्षा दोन तासांनी परतला, तेव्हा कुत्र्यांचा उमाळा अधिक दिसला. दोन तास आणि चार तास यांत मात्र तसा फरक दिसला नाही. विरह त्यांना कळतो. तासांचा हिशेब कोण जाणे!

जपानातल्या हाचिकोचा धनी 1925 साली वारला. 1935 साली मरेपर्यंत तो शिबुया स्टेशनावर धन्याची वाट पाहत राहिला. इतके दूर कशाला? आपल्या निपाणीजवळच्या यमगर्णीचा 'महाराज' नावाचा कुत्रा 2024 च्या आषाढवारीत धन्यामागे पंढरीस गेला, तिथे चुकला, अन् सुमारे 250 किलोमीटर अंतर कापून एकटाच घरी आला. गावाने त्याला हार घातला, जेवणावळ केली.

आता आमचे सांगतो. जन्मभर आम्ही काळाचे भय लोकांना सांगितले. कीर्तन आटोपून मध्यरात्री घरी यावे, तर ती ताट झाकून बसलेली. आम्ही म्हणायचो, "जेवून घ्यायचं होतंस." किती वेळ बसलीस, हे एकदाही विचारले नाही. उशीर का झाला, हे तिनेही कधी विचारले नाही. मोत्याही विचारीत नाही. शेपूट हलवतो, एवढेच.

विटेवरचा तो सावळाही असाच उभा आहे. युगांची मोजणी आपण केली. तो फक्त वाट पाहतो, आणि उशिरा येणाऱ्याला जाब विचारीत नाही. म्हणून उशीर झाला या लाजेने कुणी मागे फिरू नये.

अन् बाबांनो, आज घरी गेल्यावर दिवा ठेवून कोणी बसले असेल, तर हातपाय धुण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोला. आमच्या हातून ते राहून गेले.

रामकृष्णहरि.