दुसऱ्याच्या झेंड्याचा दिवस

चार जुलै आला की अमेरिकेतल्या मित्रांचे फोटो इन्स्टाग्रामवर यायला लागतात. कुणाच्या टी-शर्टवर तारे आणि पट्टे, कुणाच्या मागे आतषबाजी. खाली कुणीतरी हमखास लिहितं, 'पंधरा ऑगस्टला उठतोस का रे इतक्या उत्साहानं?' टोमणा गमतीतला, पण त्यामागचा प्रश्न खरा आहे. ज्या देशाचा पासपोर्ट आपल्याकडं नाही, त्याच्या राष्ट्रीय दिनाचा आनंद मनापासून होऊ शकतो का? की तो नुसता सुट्टीचा आनंद?

आम्हा सोलापूरकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. भय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, आता ते स्मारक आहे. त्यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा. बरोबर एका वर्षानं, त्याच तारखेला, चीनमध्ये वुचांगचा उठाव झाला, त्यातून राजेशाही कोसळली आणि 10 ऑक्टोबर हा चिनी प्रजासत्ताकाचा राष्ट्रीय दिन ठरला. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात कोटणीस होते. त्यानंतरचे त्यांचे पाचही वाढदिवस तिथंच, त्या देशाच्या राष्ट्रीय दिनी आले.

तारखा जुळणं हा योगायोग. पण त्यांचं तिथं असणं योगायोग नव्हता. त्यांच्या स्वतःच्या देशाला अजून स्वातंत्र्यच नव्हतं. त्यांच्या सोलापुरात 1930 मध्ये मार्शल लॉ लागला होता आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली होती. परक्या सत्तेची टाच म्हणजे काय, हे अशा गावच्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्याचा राष्ट्रीय दिन कळायला त्याचं रक्त आपल्या अंगात असावं लागत नाही. त्याची जखम ओळखता यावी लागते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. निष्ठा अशी वाटता येते का? कोटणीसांनी चीनमध्ये क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 ला कोटणीस गेले, तेव्हा ते 32 वर्षांचे होते. वीस वर्षांनी, 1962 मध्ये, मुलाच्या नावातले दोन देश एकमेकांशी लढले. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता.

म्हणून वडिलांचं चुकलं का? मला नाही वाटत. ते जखमी माणसांच्या बाजूनं उभे होते, आणि ती बाजू युद्धं बदलली म्हणून खोटी ठरत नाही. सरकारं बदलतात, त्यांचे दिवसही. 1949 नंतर चीनचा राष्ट्रीय दिन 1 ऑक्टोबरला गेला. पण शिचियाच्वांगमधल्या कोटणीसांच्या समाधीवर छिंगमिंगला लोक आजही फुलं वाहतात. छिंगमिंग हा आपापल्या पूर्वजांच्या थडग्यांवर जायचा दिवस, साधारण आपल्या सर्वपित्रीसारखा. म्हणजे परक्या डॉक्टरला त्यांनी घरच्या माणसांत बसवलं.

आपण कोटणीस नाही, आणि प्रत्येकानं परदेशात जीव द्यावा असंही नाही. फटाके बघा, मक्याची कणसं भाजा. पाहुणा आनंदात सामील झाला म्हणून घरचा द्रोही होत नाही. फक्त त्या दिवशी काय घडलं आणि त्यातून कोण वगळलं गेलं, एवढं विचारा. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसनं 5 जुलै 1852 च्या भाषणात अमेरिकेला हेच विचारलं होतं की, तुमचा हा सण गुलामाच्या काय कामाचा? असा प्रश्न माहीत असलेला पाहुणा नुसता टी-शर्ट घातलेल्या पाहुण्यापेक्षा त्या देशाच्या जास्त जवळ असतो.

उद्या 12 जानेवारीला कुणी परदेशी माणूस सोलापुरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर थांबला आणि 'हे चौघे कोण?' असं विचारू लागला, तर आपण त्याला आधी पासपोर्ट मागणार नाही. सांगायलाच लागू.