त्या दिवशी न आलेला

आंजी (मोठी) गावात दोन चुलतभावांचा धुऱ्यावरून वाद पेटला. थोरला म्हणे, धाकट्यानं तारेचं कुंपण माझ्या वावरात घातलं. तंटामुक्त समितीनं दोघांना बोलावलं. धाकटा आलाच नाही. तो आईला घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात होता. समितीनं एकट्या थोरल्याचं ऐकून घेतलं. पुढच्या बैठकीला धाकटा हजर झाला, तर अध्यक्ष उखडले, "आता कायले आला? त्या दिवशी बोलावलं होतं न! आता फक्त निकाल आयक."

समितीत एक निवृत्त मास्तर होते. कोर्टाचे किस्से सांगायची त्यांना भारी हौस. लोक कंटाळत, तरी ऐकत.

"अध्यक्षसाहेब, आपल्या नागपूरचे विव्हियन बोस म्हाईत हायेत का?"

बोसांनी नागपुरात वकिली केली, तिथल्या लॉ कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळलं. 1936 साली ते नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, 1949 मध्ये मुख्य न्यायाधीश. 1951 साली ते सुप्रीम कोर्टात गेले, तेव्हा ते कोर्ट जेमतेम वर्षाचं होतं. तिथं कोट्याच्या निवडणूक न्यायाधिकरणाचं एक प्रकरण त्यांच्यापुढं आलं. संग्रामसिंह नावाच्या उमेदवाराची बाजू मार्च 1953 मध्ये ठरल्या तारखेला गैरहजर राहिली. तीनच दिवसांनी त्यांचा वकील आला, पण त्याला कामात भागच घेऊ दिला नाही. 1955 च्या निकालात बोसांनी हे चूक ठरवलं. कामकाजाचे नियम न्याय सोपा व्हावा म्हणून असतात, माणसाला पाय अडकवून पाडायला नव्हेत, असा त्यांचा रोख होता. गैरहजेरीत झालेलं काम आपोआप पुसलं जात नाही, पण आलेल्या माणसाला तिथून पुढं बोलू द्यायलाच हवं.

मास्तरांनी हे नेहमीसारखं लांबण लावून सांगितलं. अध्यक्षांनी तंबाखू मळत ऐकलं, मग धाकट्याकडं वळून म्हणाले, "बोल बाप्पा."

धाकटा म्हणाला, "पुरात धुऱ्याचा गोटा वाहून गेला. अंदाजानंच तार ठोकली. सरकारी मोजणी करा, निघन तशी तार सरकवतो."

थोरल्याला हे नवीनच होतं. मोजणीचा खर्च दोघांनी अर्धा अर्धा भरला. मोजणी झाली आणि धाकटाच चुकीचा निघाला. तार त्यानंच उपटली, खांब रोवायला मात्र थोरला सब्बल घेऊन आला.