उचल

दिवाळीचा फराळ संपत आला, की माझ्या मनात पुण्याचा जानेवारी सुरू होतो. २००२ पासून पुण्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. तो सहसा जानेवारीत असतो, आणि मी बारामतीत बसून त्याची दोन महिने आधीपासून वाट पाहतो. कोणते चित्रपट येतील, एक खेळ सुटल्यावर दुसरा गाठता येईल का, मधल्या वेळात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात कोणाची चित्रे पाहायला मिळतील, या हिशेबात समोरच्या माणसाचे बोलणेही मला ऐकू येत नाही. घरची मंडळी म्हणतात, "हे गेले पुण्याला!" मी मात्र खुर्चीतच असतो.

या वाट पाहण्यात काही गैर आहे असे मला कधी वाटले नव्हते. आमच्या मुलखाला वाट पाहण्याची सवयच आहे. आषाढी जवळ आली, की बारामती तुकोबांच्या पालखीची वाट पाहते, बेलवाडी रिंगणाची पाहते, इंदापूर मुक्कामाची पाहते. फरक एवढाच, की पालखी आपल्या दारी येते आणि चित्रपटाच्या दारी आपल्याला जावे लागते.

आणि जाण्याचे फळही मिळते. १९५२ च्या जानेवारीत मुंबईला भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. द सिकाचा 'बायसिकल थीव्हज' तेव्हा इथल्या लोकांनी पाहिला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. त्यावर त्या इटालियन चित्रपटाचा संस्कार होता. रोममधला गरीब पाहून एका माणसाला आपल्याकडचा शेतकरी अधिक स्पष्ट दिसला. दूरचे पाहिल्याने जवळचे दिसू लागते, असे मी हा दाखला देऊन मोठ्या खात्रीने सांगत असे.

एका जानेवारीत या खात्रीला तडा गेला. पहाटे बारामतीच्या एस. टी. स्टँडवर मी पुण्याच्या गाडीची वाट पाहत होतो. हातात कार्यक्रमाची पुस्तिका होती आणि मी पेन्सिलीने खुणा करत होतो. ऊसतोडणीला आलेली एक बाई जवळ आली. काखेत लेकरू, डोक्यावर बोचके. तिने विचारले, "दादा, ही गाडी इंदापूरला जाती का?" मी मान वर न करता म्हणालो, "पाटी वाचा की." ती क्षणभर थांबली आणि गेली. गाडीही गेली. मी पाहिले तेव्हा ती फलाटाच्या कडेला लेकराला घेऊन बसली होती. गेलेल्या गाडीवर पाटी इंदापूरचीच होती. तेवढ्यात माझी गाडी लागली आणि मी चढलो.

त्याच दिवशी पुण्यात मी 'बायसिकल थीव्हज' पुन्हा पाहिला. सायकल चोरीला गेलेला तो माणूस साऱ्या शहरात फिरतो, आणि त्याच्यासाठी थांबायला कोणाला सवड नसते. शेवटी त्याचे पोर त्याचा हात धरते, तिथे माझे डोळे भरून आले. ते पुसताना मला एकदम स्टँडवरची ती बाई आठवली. सवड नसलेल्या त्या गर्दीत सकाळी मीही होतो.

मग माझे अश्रू खोटे होते काय? मी पुष्कळ विचार केला. खोटे म्हणवत नाही. डोळ्यांना ढोंग इतके सहज साधत नाही. शिवाय दमलेल्या माणसाने चित्र पाहून सुखावण्यात पाप आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. प्रत्येक चित्रपटातून सत्कृत्य निघालेच पाहिजे असा हट्ट धरला, तर चित्रपटाची प्रवचने होतील.

पण ऊसतोडणीवाल्यांचा एक शब्द मला इथे उपयोगी पडला. हंगामाआधी मुकादमाकडून नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ रक्कम मिळते. तिला उचल म्हणतात. ती त्यांना थंडीत, पहाटेच्या अंधारात ऊस तोडून फेडावी लागते. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. मला वाटते, अंधारात बसून दुसऱ्याच्या दुःखाने आलेले रडू हीदेखील उचलच आहे. कष्टाआधी हाती पडलेली माणुसकी. ती खरीच असते, पण अजून आपल्या मालकीची झालेली नसते. त्यांची उचल न फिटल्यास मुकादम दारात उभा राहतो. माझ्या दारात कोणीच येत नाही, म्हणून मी वर्षानुवर्षे ती स्वतःची कमाई समजत आलो.

त्या बाईला पुढची गाडी मिळाली असेल. तेवढ्यावर मी मनाचे समाधान करू पाहिले, पण झाले नाही. कारण तिने माझ्याकडे मागितले होते ते फक्त एका पाटीचे वाचन.

या जानेवारीतही मी जाणार आहे. वाट पाहणे सुटलेले नाही आणि सोडावे असेही वाटत नाही. पुस्तिका मात्र गाडीत बसल्यावरच उघडायची, असे ठरवले आहे. स्टँडवर वाचायला पाट्या पुष्कळ असतात.