पुसून टाकणारे विकर

एस्टरेज या गटातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, आम्ल आणि अल्कोहोल यांना जोडणारा एस्टर बंध पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने तोडतात. त्यांपैकी ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे सर्वांत विचारप्रवृत्त करणारे आहे, कारण ते नवे काही घडवत नाही, तर दिली गेलेली आज्ञा पुसून टाकते.

मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारी आज्ञा ॲसिटिलकोलीन या एस्टरच्या रूपाने दोहोंमधील सूक्ष्म फट ओलांडते. ते तिथेच साचले, तर पुढच्या आज्ञेला अर्थ उरणार नाही. म्हणून या फटीतील विकराचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. असे एखादे एस्टरेज शरीरात असावे, हा तर्क हेन्री डेल यांनी १९१४ मध्येच मांडला होता. तुटताना ॲसिटिलकोलीनचा ॲसिटिल भाग विकरातील सेरीन या अमिनो आम्लाला क्षणभर चिकटतो, पाणी त्याला सोडवते आणि विकर पुन्हा मोकळे होते.

ऑर्गॅनोफॉस्फरस विषे नेमक्या याच पायरीवर घात करतात. त्यांतील फॉस्फरस सेरीनला असा जखडतो की पाण्याला तो जवळजवळ सोडवता येत नाही, आणि मग न पुसलेल्या आज्ञांच्या माऱ्याखाली लाळ सुटते, बाहुल्या आकुंचन पावतात, स्नायू फडफडून लुळे पडतात व श्वास थांबतो. जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशकाच्या शोधात असताना १९३६ मध्ये टाबून हा युद्धवायू हाती लागला, यात नवल नाही. कीटक आणि माणूस दोघांच्याही मज्जासंस्थेचे काम याच विकरावर चालते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा वापरातील औषधांत या कुळातील विषेही होती. अशा वेळी मजुराने मास्क लावला नाही एवढ्यावरच चर्चा थांबवणे अन्यायाचे आहे, कारण धोका मुळात त्या रेणूच्या रचनेतच आहे.

उपचारात ॲट्रोपीन साचलेल्या ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखते, तर प्रॅलिडॉक्सिम पाण्याला न जमलेले काम करून फॉस्फरसला सेरीनपासून ओढून काढते. मात्र काही काळाने हा बंध इतका पक्का होतो की प्रॅलिडॉक्सिमही निरुपयोगी ठरते आणि शरीराला विकर नव्यानेच बनवावे लागते. शेतापासून रुग्णालयापर्यंतच्या अंतराचा प्रश्न म्हणूनच रसायनशास्त्राचाही आहे.