आठवणीची उलटतपासणी

आत्मकथन वाचताना ‘हा माणूस खरं सांगतोय का’ असं आपण विचारतो, पण सांगणारा नेमका कोण, हे बहुधा विचारत नाही. बौद्ध विचाराला कायमचा, न बदलणारा आत्मा मान्य नाही. मग साठीतला माणूस आपल्या विशीबद्दल ‘मी’ म्हणून लिहितो, तेव्हा तो कुणाच्या वतीने बोलतो? माझ्या मते तो साक्षीदार असतो, मालक नव्हे. आणि स्वतःचं लिहू पाहणाऱ्याने इतरांची आत्मकथनं याच कसोटीवर वाचावीत. त्यासाठी महाडसारखी जागा नाही; तिथल्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी अस्पृश्यांनी १९२७ साली सत्याग्रह केला.

डॉ. आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ घ्या. त्यात लहानपणचा गोरेगावचा प्रवास आहे, बडोद्यातल्या पारशी धर्मशाळेतला मुक्काम आहे, चाळीसगावचा टांगा आहे, दौलताबादच्या किल्ल्यावर हातपाय धुतले म्हणून झालेला गिल्ला आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर मात्र प्रकरणच नाही. शेवटच्या दोन हकिकती तर दुसऱ्यांच्याच: काठेवाडात डॉक्टरने बाळंतिणीला हात न लावल्याची आणि बोरसदच्या कचेरीत छळ सोसलेल्या तरुण तलाठ्याची. आत्मस्तुतीला बसलेला माणूस आपला सर्वांत मोठा लढा असा गाळत नाही. परक्यांना अस्पृश्यता कळावी, एवढ्यासाठी हे लेखन होतं, आणि तेवढ्यापुरताच इथला ‘मी’ राबतो.

कॉम्रेड रा. बा. मोरे यांचं पुस्तक वेगळ्या तऱ्हेने शिकवतं. १९०३ साली महाडजवळच्या लाडवलीत जन्मलेले मोरे १९२७च्या सत्याग्रहाच्या आखणीत होते. पुढे कम्युनिस्ट झाले. त्यांच्या आठवणी अपुऱ्या राहिल्या, उरलेलं चरित्र मुलगा सत्येंद्र मोरे यांनी लिहिलं. तेव्हा वाचताना दोन सांधे तपासावे लागतात. वडिलांची आठवण कुठे संपते आणि मुलाचा आदर कुठे सुरू होतो? आणि तळ्याकडे निघालेल्या गर्दीत पुढच्या काळातल्या कम्युनिस्टाला जे दिसतं, ते त्या दिवशीच्या तरुण कार्यकर्त्याला दिसलं होतं का? शेजारी ३ एप्रिल १९२७ला सुरू झालेलं आंबेडकरांचं पाक्षिक ‘बहिष्कृत भारत’ ठेवावं; ते ताज्या जखमेवर लिहिलेलं आहे. दोन्हींत फरक निघाला तर मोरे खोटे ठरत नाहीत. ते कुठे उभे राहून बोलतात, एवढं कळतं.

यावर रास्त आक्षेप येईल: ज्यांनी सोसलं त्यांच्या साक्षीची उलटतपासणी करणं हा उद्धटपणा नाही का? महाडचाच खटला याचं उत्तर देतो. तळ्यावर अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असा सनातन्यांचा दावा होता. म्हणजे तीही एक आठवणच, फक्त गावाच्या नावाने सांगितलेली. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात ती तपासली गेली आणि टिकली नाही. न तपासलेली आठवण बहुतेक वेळा बलवानाच्याच उपयोगाला येते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ‘मी’ स्थिर नसेल, तर लिहिलेल्याची जबाबदारी कुणाची? बुद्धाने आत्मा नाकारला, पण कर्म नाकारलं नाही. विशीतल्या कृतीचा परिणाम साठीतल्या माणसापर्यंत पोचतोच. म्हणून उत्तर त्यालाच द्यावं लागतं, मात्र ‘मी पहिल्यापासून असाच होतो’ हे सांगायची मुभा त्याला राहत नाही. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतून मुंबईला गेलेल्या माणसाने आयुष्य लिहायला घेतलं, तर त्यालाही हेच लागू. गावी शेत कुणी राखलं, मनिऑर्डर कुणाच्या हाती पडायची, घर कुणी चालवलं, हे त्याच्या ‘मी’त बहुधा नसतं.

महाडमध्येही तसंच झालं. डिसेंबर १९२७च्या परिषदेनंतर बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले आणि अनेकींनी लुगडं नेसायची पद्धत तिथेच बदलली. हा प्रसंग वक्त्याच्या बाजूने कितीदा तरी सांगून झाला आहे. चळवळीतल्या बायकांना स्वतःला काय आठवतं, हे विचारायला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून त्यांच्याकडे गेल्या. त्यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं तेव्हा १९८९ साल उजाडलं होतं.