जे येऊ शकत नाहीत त्यांचे काय?



२०२० च्या मार्चमध्ये चर्चचे दरवाजे बंद झाले आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आपण आपापल्या घरी साजरा केला. टीव्हीसमोर मेणबत्ती लावली, चांगले कपडे घातले, आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना म्हटली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली.

त्या काळात मिस्सा पाहायला मिळत होती. प्रवचन तर कधीकधी चर्चमधल्यापेक्षा स्पष्ट ऐकू येई! मग चुकल्यासारखे का वाटत होते? नवी मुंबईत आपण बहुतेक जण बाहेरून आलेले. कोणी वसईचे, कोणी नगरकडचे, कोणी गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे. सिडकोच्या इमारतीत ना गावकी, ना भावकी. मिस्सेनंतर आवारात होणारी विचारपूस हीच आपली गावकी. कोणाची नोकरी गेली, कोणाचे ऑपरेशन आहे, हे तिथेच कळते. पडद्यावर आपल्याला मिस्सा दिसते. पण आपण आलो नाही, हे पडद्याला कळत नाही.

पोप फ्रान्सिस ह्यांनी १७ एप्रिल २०२० च्या प्रवचनात हाच इशारा दिला होता. संकटात हा मार्ग पत्करावा लागतो, पण ख्रिस्तसभा म्हणजे प्रत्यक्ष माणसे आणि प्रत्यक्ष संस्कार, असे त्यांचे म्हणणे होते. संत योहानही आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी म्हणतो की लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते कागद-शाईने नको, समोरासमोर बोलू.

हे मान्य केले, तर जे येऊच शकत नाहीत त्यांचे काय? लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेल्या आजींचा लॉकडाऊन २०२० च्या आधीच सुरू झाला होता आणि तो अजून उठलेला नाही. 'टीव्हीवर मिस्सा बघा' असे आपण त्यांना सांगतो. ते चुकीचे नाही, पण पुरेसेही नाही.

इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन ह्यांनी रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात एक लहानशी नोंद आहे: जे हजर नसत, त्यांच्याकडे डीकन ख्रिस्तप्रसाद घेऊन जात. म्हणजे गैरहजर माणूसही सभेत मोजला जाई, आणि त्यासाठी कोणीतरी पायी जाई.

आजही आजाऱ्यांकडे कम्युनियन नेले जाते. पण तेवढ्याने आपली बाकीच्यांची सुटका होते का? आम्हाला तसे वाटत नाही. ख्रिस्तप्रसाद नेण्याचे काम नेमलेल्यांचे. विचारपुशीला मात्र कोणाची नेमणूक लागत नाही.

मिस्सेनंतर दाराशी ह्या पत्रिकेच्या काही प्रती उरतात. आज त्यातली एक जास्तीची घेऊन जा. जिने चढताना दम लागेल, आजी चहाशिवाय सोडणार नाहीत आणि रविवारचा एक तास सहज मोडेल.