द्रष्टा, दृश्य आणि पस्तीस मिलिमीटर

कापडाला स्वतःचा असा एकच रंग नसतो. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये शेड जुळवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. आमच्या लॅबमध्ये एक लाइट बॉक्स आहे. पार्टीने दिलेला नमुना आणि आम्ही रंगवलेला तुकडा त्यात शेजारी ठेवतात. डी ६५ हा दिवसाच्या उजेडाचा दिवा लावला की दोन्ही अगदी एक वाटतात. मग टीएल ८४, म्हणजे दुकानातल्या ट्यूबलाइटसारखा दिवा लावला की एक तुकडा तांबूस दिसू लागतो, दुसरा हिरवट. दोघांतली रंगद्रव्ये वेगळी असली म्हणजे असे होते. त्याला मेटामेरिझम म्हणतात. पार्टी विचारते, "मास्टर, यातला खरा रंग कोणता?" धंद्यापुरते उत्तर सोपे आहे. साडी ज्या उजेडात विकली जाणार, त्या उजेडातला.

पण धंद्याबाहेर हा प्रश्न मला कधी सोडत नाही. विशिष्ट उजेडात, विशिष्ट जागेवरून, विशिष्ट डोळ्याला जे दिसते ते खरे की नुसता भास? सगळे दिसणे म्हणजे माया, असे म्हणून हात झटकणारी माणसे मी कीर्तनातही ऐकली आणि चहाच्या टपरीवरही. मला ते पटत नाही. तसे असते तर एकही ताका पास झाला नसता.

मुलीने मिररलेस कॅमेरा घ्यायचे ठरवले आणि लेन्स निवडायचे काम माझ्यावर सोपवले, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात समोर आला. मी वाचत गेलो, दुकानांत कॅमेरे हातात घेऊन पाहत गेलो, आणि माझ्या लक्षात आले की या यंत्रात पाहण्याविषयीचे जुने वाद जसेच्या तसे बसलेले आहेत.

आधी आरशाचे पाहू. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे ४५ अंशांत आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड त्यावर आदळून वर जातो, तिथल्या काचेवर चित्र उमटते, प्रिझममधून वळून ते डोळ्याशी येते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, उजेड मागच्या फिल्मवर किंवा सेन्सरवर पडतो, आणि तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याने पाहिलेला नसतो! इथून जवळच असलेल्या नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला, भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, रोलिफ्लेक्स वापरत. त्यात दोन लेन्स एकावर एक असतात. वरच्या लेन्सने पाहायचे, खालच्या लेन्सने टिपायचे. तिथला आरसा जागचा हलत नाही, म्हणून दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. पण पाहणारी लेन्स वेगळी, टिपणारी वेगळी.

मिररलेसमध्ये आरसा काढूनच टाकला. लेन्समधून आलेला उजेड सरळ सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे मिळाले ते छोट्या पडद्यावर आपल्याला दिसते. लेन्स बदलता येणारा या पद्धतीचा पॅनासॉनिकचा जी १ हा कॅमेरा २००८ साली आला. कॅनन आणि निकॉन यांनी आपले फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचे, मिररलेस २०१८ साली आणले. यांत्रिक शटर असेल तर इथेही पडदा निमिषभर काळा होतो, पण सोनीच्या ए ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, काही महागड्या बॉडींमध्ये तोही अंधार उरला नाही.

जुने छायाचित्रकार यावर एक आक्षेप घेतात आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, पूर्वी आम्ही दृश्याचा खरा उजेड पाहत होतो. आता तुम्ही टीव्ही पाहता. उजेड कमी असला तर पडदा तो वाढवून दाखवतो, पांढरा रंग कोणता ते यंत्र ठरवते. पण खरा उजेड म्हणताना ते आरसा, काच आणि प्रिझम विसरतात. स्वतःचा डोळाही विसरतात. त्यातही भिंग आहे आणि मागच्या पडद्यावर चित्र उलटेच पडते. मधले साधन काढत काढत गेले तर 'नुसते पाहणे' नावाची वस्तू हाती लागतच नाही.

इथे मला आमच्या तापीकाठची गोष्ट आठवते. मी यावल तालुक्यातला. जळगाव जिल्ह्यात तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे जुने मंदिर आहे. महाशिवरात्रीला तिथे आणि मुक्ताईकडे यात्रा भरते. तिथून तापी पश्चिमेला वाहते, उकाईला अडते आणि सुरतेहून समुद्राला मिळते. आम्ही खानदेशी माणसे तिच्याच काठाने, सुरत-भुसावळ गाडीने इकडे आलो. त्या चांगदेवाने ज्ञानेश्वरांना पत्र धाडायचे ठरवले. वयाने लहान पण ज्ञानाने थोर अशाला मायना काय लिहावा ते कळेना, म्हणून कोराच कागद पाठवला, अशी कथा आहे. त्याचे उत्तर म्हणजे चांगदेव पासष्टी, अवघ्या ६५ ओव्या. त्यांत आरसा येतो. तोंड आरशात दिसते म्हणून आरशाने तोंड निर्माण केले असे होत नाही. आरसा नव्हता तेव्हाही तोंड होतेच. पाहणारा, पाहायची वस्तू आणि पाहणे, ही तिन्ही त्या आरशाच्या निमित्ताने वेगळी भासतात एवढेच. ज्ञानेश्वरांचा रोख आत्म्याकडे आहे आणि त्याला कॅमेऱ्याच्या पातळीवर आणणे बरोबर नाही, हे मला मान्य आहे. तरी या ओव्या वाचलेल्या माणसाला 'आरसा गेला, आता खरे दिसेना' ही तक्रार घाबरवत नाही. साधन बदलले, पाहणारा तोच राहिला. कोणती बॉडी घेऊ म्हणजे मला दिसू लागेल, असे विचारणाऱ्या प्रत्येक पोराला म्हणूनच माझे सांगणे एकच असते: बॉडी कोणतीही घे.

लेन्सचे तसे नाही. लेन्स निवडताना माणूस आपण जगाचा केवढा तुकडा पाहणार हे ठरवत असतो.

बहुतेक नवशिक्यांच्या कॅमेऱ्यात एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. तो फुल फ्रेमपेक्षा लहान, म्हणून त्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या साधारण ५० सारखी चौकट देते. दीडपटीचा हिशेब, कॅननमध्ये १.६ पट. बॉडीसोबत जी झूम मिळते ती १६ ते ५० किंवा १८ ते ४५ अशी असते. तिच्यात रुंद रस्ताही मावतो आणि माणसाचा चेहराही. तिची अडचण उजेडाची. लांब टोकाला तिचे छिद्र एफ ५.६ किंवा त्याहून लहान राहते. एफ १.८ ची साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स एफ ५.६ च्या जवळपास दहापट उजेड आत घेते. संध्याकाळी सातनंतर चाळीच्या दारात बसलेल्या बाईचा फोटो काढायचा असेल तर हा फरक फार मोठा ठरतो.

पण लेन्सविषयीची सगळ्यात मोठी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. लोक म्हणतात, टेलिफोटो लेन्स लांबच्या वस्तू एकमेकींना चिकटवते आणि वाइड लेन्स त्यांना लांब करते. हे खरे नाही. कडोदरा चार रस्त्यावर, जिथे सुरत-बारडोली रस्ता मुंबई-अमदावाद महामार्गाला छेदतो, तिथे लांब उभे राहून मिलची चिमणी आणि तिच्यापुढची घरे २०० मिलिमीटरने टिपा; चिमणी घरांच्या डोक्यावर बसलेली दिसेल. आता त्याच जागेवरून वाइड लेन्सने काढा आणि मधला तेवढाच तुकडा कापून मोठा करा. चिमणी आणि घरे यांचे नाते अगदी तेच निघेल, फक्त फोटो जरा भरड होईल. वस्तूंचे एकमेकींशी नाते ठरते ते आपण कुठे उभे आहोत यावरून. लेन्स फक्त चौकट कापते. चिमणीने घरे दाबून टाकली आहेत असे दाखवायचे असेल तर मागे जावे लागते. घरे मोठी आणि चिमणी बारीक दाखवायची तर घराच्या ओट्यापर्यंत चालत जावे लागते. दृष्टिकोन पाय ठरवतात.

सुरत आणि आसपास जैन शेजारी नाही असा माणूस विरळा. त्यांच्या दर्शनात याचा फार बारीक विचार झालेला आहे. वस्तूला अनंत धर्म असतात. एका वेळी एका बाजूने होणाऱ्या ग्रहणाला ते नय म्हणतात. पाटणच्या दरबारी असलेल्या हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात तीन पायऱ्या स्पष्ट केल्या. 'हे आहेच, आणि दुसरे काही नाही' असे म्हणणे म्हणजे दुर्नय. 'हे आहे' एवढेच म्हणणे म्हणजे नय. 'एका अपेक्षेने हे आहे' असे म्हणणे म्हणजे प्रमाण. माझ्या लाइट बॉक्सच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. डी ६५ खाली दिसलेला रंग खरा आहे. टीएल ८४ खाली दिसलेलाही खरा आहे. खोटे आहे ते एवढेच, की एका दिव्याचे नाव न सांगता 'हाच रंग' म्हणून चलान फाडणे.

अद्वैती मंडळी यावर म्हणतील की हे अर्धवट समाधान आहे. सगळ्या अपेक्षा गळून पडल्यावर जे उरते तेच खरे. असेल. पण तोवर ज्या माणसाला शेजाऱ्याशी, गिऱ्हाइकाशी आणि मुलीशी बोलायचे आहे, त्याला मर्यादित दृष्टी खोटी ठरवून चालत नाही. तिची मर्यादा नावानिशी सांगावी लागते. माझी निष्ठा वारकऱ्याची आहे, तरी या एका बाबतीत मी जैन शेजाऱ्यांचा ऋणी आहे.

आणि हा विचार केवळ पुस्तकी नाही. कडोदऱ्याचे जे फोटो छापून येतात त्यांत धूर, ट्रक आणि सांडपाणी असते. ते खरे आहे. आम्ही तो धूर छातीत घेतो. पण लांब उभे राहून काढलेला तो एक फोटो जेव्हा 'हे कडोदरा' म्हणून ठेवला जातो, तेव्हा तो दुर्नय होतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी इथली खानदेशी घरे कानबाई देवी बसवतात. नारळाला नथ, डोळे, शेला, रात्रभर अहिराणी गाणी, रोटाचा नैवेद्य, सोमवारी मिरवणुकीने विसर्जन. ओडिया आणि बिहारी कामगार गॅलरीतून पाहतात, कुणी खाली येऊन नाचतात. गच्चीवरून वाइड लेन्सने त्यात नुसती गर्दी दिसते. ३५ मिलिमीटरने, दोन हातांवर उभे राहून, डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाईचा घामेजलेला, तृप्त चेहरा दिसतो. दोन्ही फोटो एकमेकांची गरज मिटवत नाहीत. मुलीने विचारले, "पप्पा, डोळ्याला कॅमेरा लावला तर दर्शन होतं का?" मी तिला म्हटले, आधी हात जोड, मग कॅमेरा उचल, उचललास की मग फोटोचीच माणूस हो. मला वाटते दर्शनाला कॅमेरा आड येत नाही, घाई येते.

डोळा बाहेर जातो की वस्तू आत येते, हाही जुना वाद आहे. न्यायमताप्रमाणे डोळ्याचे तेज वस्तूपर्यंत जाऊन तिला भेटते. जैन आणि बौद्ध म्हणतात, डोळा जागेवरूनच जाणतो. उजेडाच्या शास्त्राने नैयायिकांचे तेज मान्य केले नाही. तरीही फोटो काढताना लक्ष बाहेर जावे लागते, चालत जावे लागते, समोरच्याला भेटावे लागते. त्याशिवाय चांगला फोटो निघालेला मी पाहिलेला नाही, आणि म्हणून नैयायिकांविषयी माझा आदर कायम आहे.

लेन्सांच्या हावेविषयी मात्र मला कठोर बोलायचे आहे. जैन श्रावकाला सगळे सोडायला सांगितलेले नाही. परिग्रह-परिमाण व्रतात तो आपल्या मालमत्तेची मर्यादा आपणच आखून घेतो. लेन्सच्या बाबतीत यापेक्षा शहाणा सल्ला मला माहीत नाही. ज्याच्या पिशवीत पाच लेन्स आहेत तो जागेवर उभा राहून लेन्स बदलतो. ज्याच्याकडे एक आहे तो पाय हलवतो. त्यातून कडोदऱ्यात लेन्स बदलणे म्हणजे धोका. आरसा नसल्याने बऱ्याच मिररलेस बॉडींत लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो, आणि इथल्या हवेत कोळशाची राख आणि कापडाचे तंतू उडतच असतात.

ज्यांच्या घरी पहिला मिररलेस येतो आहे, त्यांना माझी विनंती अशी. बॉडी जुनी, वापरलेली घेतली तरी चालेल. सोबतच्या झूमने काही महिने फोटो काढा, मग संगणकावर पाहा की तुमचे आवडते फोटो कोणत्या मिलिमीटरवर निघाले आहेत, आणि त्याच आकड्याची एकच प्राइम घ्या. घरात जुन्या एसएलआरची लेन्स पडली असेल तर आधी अडॅप्टर शोधा. मिररलेसमध्ये माउंट आणि सेन्सर यांतले अंतर कमी असल्याने त्या बहुधा बसतात. रॉ फाइल ठेवा, म्हणजे पांढरा रंग नंतर तुम्हाला ठरवता येईल. मिलमध्ये ट्यूबखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि फोटोत पट्टे येतात. यांत्रिक शटर आणि १/१०० सेकंद ठेवा. लेन्स बदलायचीच वेळ आली तर बॉडीचे तोंड खाली करून, घरात, पंखा बंद करून बदला. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, नाहीतर लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. आणि काढलेला फोटो कुणाला दाखवाल तेव्हा तो कुठे उभे राहून काढला, हे त्याला जरूर सांगा.